जुना संगणक, नवी प्रणाली

(घरच्या संगणकावर नवी संचालन प्रणाली बसवताना कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा टाळाव्यात, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, शाळेची घंटा वाजली, पण मुख्याध्यापक आणि शिक्षक आलेच नाहीत, तर शाळा चालेल का? इमारत असेल, बाके असतील, फळाही असेल. पण कोणी कोणत्या वर्गात बसावे, हे सांगणार कोण? संगणकाचेही तसेच आहे. पडदा, कळफलक, माउस हे त्याचे अवयव. त्यांच्याकडून काम करून घेणारी व्यवस्था म्हणजे संचालन प्रणाली. तिलाच आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. विंडोज, लिनक्स ही अशा प्रणालींची नावे आहेत.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली. ती सीडीवर मिळे, तशीच फ्लॉपींवरही मिळे. तिच्या फ्लॉपी होत्या १३! एक काढायची, दुसरी घालायची, असे काम चाले. बारावी फ्लॉपी खराब निघाली, की सारी मेहनत वाया जाई. आता फ्लॉपी गेली आणि पेन ड्राइव्ह आला. मग अडचणी संपल्या का? नाही, त्यांचे रूप बदलले.

पहिली अडचण जुन्या यंत्राची. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. अनेक जुन्या संगणकांत ही सोय नसते. काहींत असते, पण बंद ठेवलेली असते. म्हणून आधी आपल्या यंत्राची माहिती कागदावर लिहून घ्यावी. यंत्र फारच जुने असेल, तर लिनक्सचा विचार करावा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. तिचे अनेक प्रकार मोफत मिळतात आणि काही प्रकार जुन्या यंत्रावरही चालतात.

दुसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. समजा, घरच्या संगणकात अब्बांच्या दुकानाचा हिशेब आहे, आपाच्या निकाहाचे फोटो आहेत आणि भाईजानच्या अभ्यासाच्या नोंदी आहेत. प्रणाली बसवताना हार्ड डिस्कचा कोणता भाग वापरायचा, असा प्रश्न पडद्यावर येतो. तेथे चुकीचा भाग निवडून तो पुसला, तर हे सारे क्षणात नाहीसे होते. नवी प्रणाली पुन्हा बसवता येते. निकाहाचा दिवस पुन्हा आणता येत नाही. म्हणून सर्व फायलींची नक्कल आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ती नक्कल उघडते की नाही, हेही पाहावे. मगच पुढचे पाऊल टाकावे.

तिसरी अडचण पेन ड्राइव्हची. प्रणालीची फाइल त्यात नुसती उतरवून चालत नाही. ती खास सॉफ्टवेअरने लिहावी लागते; तरच संगणक त्यावरून सुरू होतो. तसे करताना पेन ड्राइव्हमधील जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे. इतके करूनही जुनीच प्रणाली उघडली, तर बायोसमध्ये जाऊन पेन ड्राइव्हला पहिला क्रमांक द्यावा लागतो.

काम अर्धे झाले आणि वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते. म्हणून लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करावा आणि चार्जर जोडलेलाच ठेवावा.

सगळे पार पडले, तरी एक गंमत उरतेच. वायफाय चालत नाही! ते चालवणारा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय मिळत नाही. म्हणजे कुलपाची किल्ली पेटीतच राहिली! यावर उपाय सोपा आहे. तो ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हमध्ये उतरवून ठेवावा किंवा मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे.

शेवटी उर्दू आणि मराठी हे दोन्ही कळफलक सुरू करावेत. मग उजवीकडून डावीकडे उर्दू आणि डावीकडून उजवीकडे मराठी, अशा दोन्ही भाषा एकाच पडद्यावर नांदतील.

‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी आपण रस्त्यावर वाचतो. ती संगणकासमोरही लागू पडते. उर्दूत ज्याला आपण सब्र म्हणतो, तोच मराठीतला धीर. पडद्यावरची प्रत्येक सूचना पूर्ण वाचावी, न समजल्यास जाणकाराला विचारावे आणि मगच ‘होय’ म्हणावे.

शब्दार्थ
संचालन – चालवणे. कळफलक – कीबोर्ड. साठवण – साठवून ठेवण्याची जागा. आधार – मदत. वाया जाणे – फुकट जाणे. नांदणे – आनंदाने एकत्र राहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संचालन प्रणाली म्हणजे काय?
(आ) लिनक्सची सुरुवात कोणी केली?
२. कारणे लिहा.
(अ) फायलींची नक्कल आधी घ्यावी.
(आ) लॅपटॉपला चार्जर जोडलेला ठेवावा.
३. मेहनत, हिशेब, नक्कल, दुकान हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.