बर्फ, पाणी, वाफ आणि लसीची पेटी



आपल्यापैकी काही जण लसीकरणाच्या दिवशी सातपुड्यातल्या पाड्यांवर येऊन गेले आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. सिस्टर सकाळी डीप फ्रीजरमधून आईसपॅक काढतात, पण लगेच पेटीत भरत नाहीत, टेबलावर मांडून ठेवतात. बाहेर मे महिन्याचे ऊन, पुढे दोन तास डोंगर चढायचा, आणि इथे बर्फ डोळ्यांदेखत वितळतो आहे. हा निष्काळजीपणा नाही का? मंडळीतल्या एका काकांनी तर हळूच विचारले, "ताई, आपले पैसे असेच पाण्यात जातात का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचे तर पदार्थाच्या अवस्थांचा शाळेतला धडा पुन्हा उघडावा लागेल. मी विज्ञान शाखेची नाही, माझा डिप्लोमा धर्मशास्त्राचा. पण वसतिगृहातल्या मुलींचा अभ्यास घेताना हा धडा दरवर्षी समोर येतो. लसीच्या पेटीइतके चांगले उदाहरण मला तरी दुसरे सापडलेले नाही, कारण त्या पेटीत या धड्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घडते.

स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्था आपण पाठ केलेल्या आहेत. बर्फ, पाणी आणि वाफ यांत कण तेच असतात, बदलते ती त्यांची मोकळीक. बर्फात ते आपापल्या जागी घट्ट बांधलेले असतात आणि जागच्या जागी थरथरतात. पाण्यात एकमेकांना धरूनही इकडेतिकडे सरकतात. वाफेत एकमेकांना सोडून देतात. ही बंधने सैल करायला उष्णता द्यावी लागते, आणि बंधने पुन्हा जुळली की तीच उष्णता परत मिळते. एवढे लक्षात राहिले तर बाकीचे आपोआप उलगडत जाते.

आता एक साधा प्रयोग. स्टीलच्या भांड्यात बर्फाचा चुरा घ्या, त्यात थर्मामीटर ठेवा आणि भांडे मंद आचेवर ढवळत राहा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, प्रयोगशाळेतला लागतो. पारा शून्यावर येतो आणि तिथेच थांबतो. खाली आच चालू आहे, बर्फ वितळतो आहे, पण पारा हलत नाही. मुलींना हे दाखवले की पहिली शंका हमखास येते, "मॅडम, थर्मामीटर बिघडला." बिघडलेला नसतो. शेवटचा खडा वितळेपर्यंत सगळी उष्णता बंधने सैल करण्यात खर्च होते, तापमान वाढवायला काही उरतच नाही. हिला अप्रकट उष्मा म्हणतात. १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगो विद्यापीठात वैद्यक आणि रसायन शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी ही गोष्ट ओळखली. त्यापूर्वी अशी समजूत होती की बर्फ शून्यावर आला आणि त्याला जराशी ऊब मिळाली की तो झटकन पाणी होतो. तसे असते तर हिमालयातले बर्फ पहिल्या उन्हातच एकदम वितळून गावेच्या गावे वाहून गेली असती.

थोडा हिशेब करू. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एकच कॅलरी पुरते, आणि बर्फाला तर अर्धीच. लसीच्या पेटीत चार आईसपॅक असतात आणि प्रत्येकात सुमारे ४०० ग्रॅम पाणी. फ्रीजरमधून काढलेला पॅक उणे २० अंशांवर आहे असे धरा. तो शून्यावर यायला ४,००० कॅलरी घेतो. शून्यावरच वितळायला ३२,००० कॅलरी घेतो. वितळलेले पाणी शून्यापासून आठ अंशांपर्यंत चढायला फक्त ३,२०० कॅलरी. म्हणजे पेटीतला खरा गारवा बर्फ किती थंड आहे यात नसतो, तो बर्फ वितळण्यात असतो. टेबलावर ठेवल्याने आपण गमावतो तो साधारण दहावा हिस्सा. काकांना मी हाच हिशेब वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला.

पण दहावा हिस्सा तरी का गमवायचा? कारण लस म्हणजे नुसते पाणी नव्हे.

लस दोन ते आठ अंशांच्या दरम्यान ठेवायची असते. उन्हाची भीती आपल्या सर्वांना असते, पण थंडीची भीती कुणाच्या मनात येत नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. बाळांना दिली जाणारी पेंटाव्हॅलंट, कावीळ बीची लस, गरोदर मातांची धनुर्वात-घटसर्पाची टीडी, या लसींत औषधाचा अंश ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटलेला असतो आणि ते कण पाण्यात सारखे पसरलेले असतात. उणे २० अंशांचा पॅक कुपीला टेकला की आतले पाणी गोठू लागते. बर्फाचे स्फटिक बनताना पाणी आपल्या रचनेत दुसऱ्या कुणाला सामावून घेत नाही, ते हे कण बाजूला ढकलते. कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांच्या गुठळ्या होतात. नंतर बर्फ वितळतो, पण गुठळ्या सुटत नाहीत.

इथे मुलींना मी थांबवते, कारण पुस्तकातले एक वाक्य अर्धवट समजलेले असते. अवस्थांतर हा उलट फिरवता येणारा बदल आहे असे आपण शिकवतो आणि ते खरे आहे. पाणी गोठले, वितळले, पुन्हा पाणीच झाले, त्यात काही हरवले नाही. परंतु पाण्यात जे पसरलेले होते त्याची मांडणी मोडली, ती परत येत नाही. फ्रीजरच्या भिंतीला चिकटून गोठलेली कोथिंबीर आठवा. वितळल्यावर पाणी तेच असते, पण कोथिंबीर काळी पडून लिबलिबीत झालेली असते. गोठलेली लस टोचली तर बाळ रडते, कार्डावर तारीख पडते, आई समाधानाने घरी जाते, आणि बाळाला संरक्षण मात्र मिळत नाही. अशा बाळाला पुढे डांग्या खोकला झाला तर अख्खा पाडा म्हणणार, लस काही कामाची नाही. एकदा असे बोलले गेले की पुढच्या महिन्यात कुणाला बोलावून आणायचे म्हणजे आशाताईंचे पाय दुखतात.

म्हणून पॅक बाहेर काढून ठेवायचे. किती वेळ? घड्याळावर हे ठरत नाही. डिसेंबरात जास्त वेळ लागतो, मे महिन्यात कमी. पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळले म्हणजे बर्फ आणि पाणी एकत्र आहेत, आणि ते दोन्ही एकत्र असेपर्यंत तापमान शून्याच्या खाली नाही. थर्मामीटर नसताना मिळणारा इतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

लवकर वितळू नये म्हणून पॅकच्या पाण्यात मीठ घालावे, असा सल्लाही एका पाहुण्यांनी दिला होता. जुन्या लाकडी पॉटमध्ये आईस्क्रीम करताना आपण बर्फात खडेमीठ टाकतो ते कशासाठी, हे आठवा. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली, अगदी उणे २१ अंशांच्या आसपासही वितळू लागतो. आईस्क्रीम त्यानेच गोठते, आणि लसही त्यानेच गोठेल. मीठ अजिबात नको.

टेबलावरच्या पॅकला घाम फुटतो तो आतून झिरपलेला नसतो. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर येऊन पाणी होते, तिचे संघनन होते. होताना ती उष्णता सोडते, एका ग्रॅममागे ५४० कॅलरींहून अधिक, आणि ती पॅकला मिळते. सिस्टर पॅक फडक्याने कोरडे पुसून पेटीत ठेवतात आणि कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, नाहीतर ओलाव्याने त्यांचे लेबल सुटते. लेबल नसलेली कुपी वापरता येत नाही. याच्या उलटा खेळ आपल्या माठात चालतो. झिरपलेले पाणी वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात माठ म्हणूनच गार राहतो, आणि पावसाळ्यात हवाच ओली असल्याने त्याची किमया संपते.

एक बदल राहिला. कापूर किंवा ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या वितळल्याशिवायच उडून जातात, त्याला संप्लवन म्हणतात. बर्फालाही हे करायला लावता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लसी कारखान्यात गोठवतात, भोवतालची हवा जवळजवळ सगळी काढून घेतात आणि मग बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो. कुपीत उरते ती कोरडी पांढरी वडी. पाणीच नसल्याने तिला गोठण्याची भीती नाही. मात्र पाड्यावर तिच्यात द्रावण मिसळले की चार तासांत ती वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. दोन बाळांसाठी फोडलेल्या कुपीतले बाकीचे डोस टाकताना पाहून वाईट वाटते, पण उरलेली लस दुपारनंतर टोचणे हे धोक्याचे आहे.

कुपीवरच्या गोलातला चौकोन उष्णतेने गडद होतो आणि लस तापली होती का ते सांगतो. ती गोठली होती का, हे तो सांगत नाही. त्यासाठी त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात, ती आणि संशयित कुपी दोन्ही हलवून शेजारी ठेवतात आणि कुणाचा गाळ लवकर बसतो ते पाहतात.

वर सांगितलेला बर्फाचा प्रयोग संडे स्कूलच्या मुलांना जरूर करून दाखवा. आच सांभाळायला एक मोठे माणूस जवळ असू द्या. आमच्या वसतिगृहात सध्या प्रयोगशाळेतला एकच थर्मामीटर उरला आहे, आणि मुली सव्वीस आहेत. कुणाच्या घरी किंवा शाळेत जास्तीचा असेल तर येताना कापडात नीट गुंडाळून आणावा.