'बिल्ड' आणि 'भवन'

प्रश्न : इंग्रजी 'बिल्ड' हा शब्द संस्कृत 'भवन'वरून घेतला, असं वाचनात आलं. खरं आहे का?

उत्तर : नातं आहे, पण उसनवारी नाही. जुन्या इंग्रजीत 'बोल्ड' म्हणजे राहण्याची जागा, घर. (शूर या अर्थाचा 'बोल्ड' वेगळा.) इंग्लंडमधल्या न्यूबोल्ड नावाच्या गावांत तो अजून टिकून आहे. त्याच नामापासून घर बांधणं या अर्थाचं क्रियापद झालं. नाम मागे पडलं, क्रियापद उरलं आणि घराबरोबर पूल, जहाज यांनाही लागू लागलं. भूतकाळी रूप 'बिल्डेड' असंही होई. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ते सापडतं.

त्याहून मागे गेलं की 'असणं, वाढणं' या अर्थाचा आद्य भारोपीय धातू भेटतो. आपल्याकडे तोच 'भू' : भवति, भाव, भवन. म्हणजे दोन्ही शब्द एकाच मुळाच्या वेगळ्या फांद्यांवरचे. 'नेबर'मधला 'बर'सुद्धा याच धातूचा : जवळ राहणारा, तो नेबर. मला हे उदाहरण 'बिल्ड'पेक्षाही बोलकं वाटतं, कारण राहण्याचा जुना अर्थ तिथे जसाच्या तसा आहे.

आज शरीराची ठेवण म्हणजे 'बिल्ड', सॉफ्टवेअरची तयार आवृत्तीही 'बिल्ड'. विश्वास, नावलौकिक, संघ यांनाही तेच क्रियापद चालतं.

नुसत्या ध्वनिसाम्यावरून कुठलाही इंग्रजी शब्द संस्कृतातून गेला, असं कृपया मानू नका. आधी व्युत्पत्तिकोश पाहा.