हसत हसत आरोग्यबोध

आरोग्याचा उपदेश रुक्ष झाला की श्रोता पाठ फिरवितो. गोष्ट मात्र त्याला जवळ बसविते. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हे नेमके ओळखले होते. दिवसा खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीतून श्रोत्यांना साधे प्रश्न विचारावयाचे, ही त्यांची रीत. अस्वच्छता, दारू, ऋण काढून केलेले सण यांवरील प्रश्नांनी लोक खळखळून हसत आणि उत्तरही स्वतःच देत.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, निष्कर्ष ऐकणाऱ्यानेच काढावा. दुसरा, विनोदाचा रोख सवयीवर असावा, पीडितावर नव्हे. मन खचलेल्या सहकाऱ्याची थट्टा झाली, तर तो आपले दुःख अधिकच लपवील. उलट, मार्चअखेरच्या ताणात झालेली स्वतःची फजिती आपण सांगितली, तर त्यालाही बोलावेसे वाटेल. अशा वेळी विनोद थांबवून शांतपणे ऐकावे आणि गरज भासल्यास केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक सुचवावा. हास्याने संवाद सुरू होतो. उपचार मात्र तज्ज्ञांकडूनच घ्यावयाचे असतात.