वाढलेलं कापून का टाकत नाहीत?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या पुतणीचा उजवा पाय जन्मापासून जाड आहे, आता तो लांबीलाही जास्त भरतो. मांडीवर तांबडा डाग आहे, पावलाची दोन बोटं फार मोठी आहेत. दोन सर्जनना दाखवलं, दोघंही म्हणतात, ‘आधी तपासण्या, घाई नको.’ जादा मांस आहे, तर एकदाच कापून का टाकत नाहीत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कारण ते मांस गाठीसारखं सुटं नसतं. साध्या चरबीच्या गाठीला स्वतःची कड असते, ती सोडवून काढता येते. अतिवाढीच्या आजारांत चरबी, शिरा, स्नायू, कधी हाडसुद्धा एकमेकांत गुंतून वाढतं. मोठ्या झालेल्या बोटात तर चरबी थेट मज्जातंतूच्या आत शिरलेली असू शकते. सगळी काढावी तर बोटाची जाणीव जाते. ठेवावी तर पोरीबरोबर तीही वाढते.

हे बहुतेकदा गर्भ रुजल्यानंतर एखाद्याच पेशीच्या जनुकात झालेल्या बदलामुळे होतं. त्या पेशीपासून घडलेला तेवढाच भाग बेसुमार वाढतो. म्हणून ते सहसा आईवडिलांकडून आलेलं नसतं. ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून तर मुळीच नाही. घरात कुणी तसं बोलत असेल, तर त्यांना हे जरूर वाचून दाखवा. रक्ताच्या जनुक तपासणीत हा बदल अनेकदा सापडत नाही, वाढलेल्या भागाचाच तुकडा तपासावा लागतो.

पत्रावरून निदान करता येत नाही. पण डाग, फुगलेल्या शिरा आणि जाड पाय असं त्रिकूट क्लिपेल आणि ट्रेनोने या फ्रेंच डॉक्टरांनी 1900 साली नोंदवलं होतं. अशा काही रुग्णांत पायातली खोल शीर अरुंद असते किंवा नसतेच. वरची फुगलेली शीरच रक्त परत नेत असते. डॉपलर आणि एमआरआय न करता ती काढली, तर पाय आणखी सुजतो. तुमचे सर्जन थांबले ते यासाठीच असावेत, आणि ते योग्यच आहे.

लांबीवर मात्र चांगला उपाय आहे. आखूड पायाखाली वेगवेगळ्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवत कंबर समपातळीत येईपर्यंत मोजतात. मांडीच्या हाडाचं गुडघ्याजवळचं वाढीचं टोक वर्षाला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतं, नडगीचं वरचं सुमारे 6 मिलिमीटर. या हिशेबाने योग्य वयात लांब पायाची वाढ छोट्या शस्त्रक्रियेने रोखतात, आणि दुसरा पाय त्याला गाठतो. ती वेळ चुकली की हाडं कापण्याची मोठी शस्त्रक्रिया उरते. तोवर आखूड पायाच्या चपलेचा तळ उंच करून घ्यावा. पावलाचं मोठं बोट त्यामागच्या लांब हाडासकट काढायचं सर्जनने सुचवलं, तर घाबरू नका. साधा बूट घालून शाळेत चालत जाता येणं, हे बोट राखण्यापेक्षा मोलाचं आहे.

औषधही आलं आहे. पॅरिसच्या डॉक्टरांनी 2018 साली 19 रुग्णांवर अल्पेलिसिब वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पीआयके3सीए या जनुकामुळे होणाऱ्या गंभीर अतिवाढीसाठी, दोन वर्षांपुढच्या रुग्णांना, अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली. रक्तातली साखर वाढणं हा त्याचा ठळक दुष्परिणाम. हे औषध त्या जनुकातल्या बदलासाठीच आहे, म्हणून कधी शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेला तुकडा जनुक तपासणीला पाठवायला आधीच सांगून ठेवा.

आणखी एक. या आजारांत शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, शस्त्रक्रियेनंतर तो वाढतो. पुढे कधी अपेंडिक्ससारखं साधं ऑपरेशन ठरलं, तरी सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला पायाच्या या आजाराबद्दल स्वतःहून सांगा.