कार्ड ‘फॉरमॅट करा’ म्हणतंय, फोटो गेले का?

प्रश्न : बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेलं कार्ड कॅमेऱ्यात घातलं, तर ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. फोटो परत मिळतील का?

उत्तर : बरेचदा मिळतात. मात्र त्या कार्डावर आता एकही नवा फोटो काढू नका आणि फॉरमॅटला होकार देऊ नका. अशा वेळी बहुधा फोटो कुठे आहेत याची नोंद बिघडलेली असते. फोटोंचा डेटा कार्डावर तसाच असतो. नवं काही लिहिलं गेलं, की जुनं कायमचं पुसलं जातं.

कार्ड काढून कार्ड रीडरने संगणकाला जोडा. विंडोज दुरुस्तीचं विचारेल, तेही नाकारा. आधी संपूर्ण कार्डाची इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब प्रत, बनवा आणि पुढची शोधाशोध तिच्यावरच करा. ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्राम बिघडलेल्या नोंदींवर विसंबत नाही. जेपेग फाइलची ठरावीक सुरुवात ओळखून फोटो उचलतो. फाइलींची मूळ नावं मात्र जातात. सापडलेले फोटो संगणकावरच साठवा, त्या कार्डावर कधीही नको.

रीडर बदलूनही कार्ड दिसतच नसेल, तर घरगुती प्रयोग थांबवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. खर्च बराच येतो, पण लग्नाच्या फोटोंसाठी मी तो करायला सांगेन.