सनपॅक कापायचं मशीन : घ्यावं की न घ्यावं?

‘ब्रेक-इव्हन पॉइंट’चं गणित आपण परीक्षेत मार्कांसाठी सोडवतो. मी ते सुट्टीत दिव्याला शेजारच्या काकांसाठी सोडवलं. दहा बाय बाराच्या गाळ्यात काका पाट्या बनवतात : क्लासच्या जाहिराती, पार्किंगचे बाण, ‘रूम भाड्याने देणे आहे’. चाकूचं सीएनसी टेबल घेण्यासाठी ते गाळा तारण ठेवायला निघाले होते. म्हणाले, ‘‘तू इंजिनीअर होणार ना? मग सांग, घेऊ का?’’

आधी माल समजून घेऊ. सनपॅक म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे दोन पातळ थर आणि मध्ये ओळीने नळ्या. नळीच्या दिशेने कटर सुरकन जातो. आडवा कापताना मात्र प्रत्येक भिंत कापावी लागते; पातं बोथट असेल तर कडा दबते आणि पांढरी पडते. कागद कापायच्या गिलोटिनमध्ये गठ्ठा घातला तर कापण्याआधी क्लॅम्पच नळ्या चेपतो. म्हणून ‘प्रेसवाल्याकडे मशीन आहेच की’ हा सल्ला इथे चालत नाही.

लेझरचंही तेच. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, त्यामुळे कडा वितळून गोळा होते, आणि पेट घेण्याची भीती असते ती वेगळीच. आपल्या वर्कशॉपमध्ये प्रोजेक्ट करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : नावं सारखी असली तरी सनबोर्ड हे पीव्हीसी आहे. ते लेझरखाली कधीही घालू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो फुप्फुसाला घातक आणि मशीनलाही गंज लावणारा.

आता नळीची दिशा. मला सगळ्यात मजा इथेच आली. आठ बाय चारच्या शीटमधून १८ बाय १२ इंचाच्या पाट्या किती निघतील? क्षेत्रफळाने भागलं तर २१, आणि आडवंउभं मांडून तेवढ्या निघतातही. पण त्यातल्या ५ पाट्यांच्या नळ्या बाकीच्यांच्या उलट्या दिशेला! नळ्या शीटच्या लांबीत असतील, तर सगळ्या पाट्यांना आडव्या नळ्या हव्या असल्यास २० निघतात आणि उभ्या हव्या असल्यास फक्त १६. खांबाला मधोमध बांधायच्या पाटीला आडव्या नळ्या बऱ्या, नाहीतर वाऱ्याने दोन्ही बाजू मागे दुमडतात. तारेवर जमिनीत रोवायची असेल तर उभ्याच हव्यात, कारण तार नळीतच जाते. शिवाय पावसाचं पाणीही खाली निघून जातं. म्हणजे गिऱ्हाइकाला ‘पाटी कुठे लावणार?’ हे विचारल्याशिवाय दर सांगूच नये. (परवानगीशिवाय खांबावर पाटी लावणं १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे काकांना सांगितलं. ते हसले.)

चौकोनी पाट्यांना मशीन लागतच नाही. जाड स्टीलपट्टी, टेबलाला ठोकलेला स्टॉपर आणि वेळेवर बदललेलं पातं, एवढ्यावर माप सारखं येतं. पट्टीला बोटाच्या बाजूने उभी कड हवी. कटर घसरला की पहिलं बोटच जातं.

प्रश्न उरला बाणांचा. समजा, हाताने एक बाण कापायची मजुरी ६ रुपये. लाकडी फळीत स्टीलची पाती बसवून डाय केली तर तिचा खर्च २४०० रुपये, आणि बाहेरून पंचिंग करून घ्यायचे नगाला २ रुपये. नगामागे ४ रुपये वाचले, म्हणजे ६०० नगांना डाय फिटली. पुढच्या ऑर्डरला तीच डाय वापरायची, तेव्हा सगळी बचत खिशात.

टेबल समजा ६ लाखांचं. नगामागे तेच ४ रुपये वाचले तर दीड लाख नग! महिन्याला २००० नग धरले तरी ७५ महिने, म्हणजे सव्वासहा वर्षं. यात व्याज, वीज, दुरुस्ती काहीच धरलेलं नाही. हं, रोज वेगळा आकार आणि प्रत्येकाचे दहा-वीसच नग, असं काम असतं तर उत्तर बदललं असतं. तिथे डाय परवडत नाही आणि टेबल खरंच कमावतं. काकांच्या वहीत मात्र तेच तीन आकार पुन्हा पुन्हा होते.

शिवाय आठ बाय चारचं टेबल दहा बाय बाराच्या गाळ्यात ठेवलं की शीट फिरवायला जागा कुठे? हे मी कागदावर स्केलने काढून दाखवलं. काकांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी बाणाची डाय करायला दिली.