आधी जिवाणू, मग मासे

ईशा : मामा, टाकी भरून तीन दिवस झाले. वाळूचा कण न् कण दिसतोय इतकं पाणी नितळ आहे. आज गप्पी आणूया ना?

मामा : नितळ दिसण्यावर जाऊ नकोस. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तोच निघतो. तो दिसत नाही. तळ्यात पांगतो, पण तुझ्या 60 लिटरच्या पेटीत साठतच जाणार.

ईशा : फिल्टर लावलाय की!

मामा : लावलास, पण स्पंज अजून कोरा आहे. तो गाळ अडवेल. विरघळलेला अमोनिया आरपार जाईल. त्याला खाणारे जिवाणू स्पंजच्या छिद्रांत, वाळूवर वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही दोन वेगळ्या जिवाणूंची कामं आहेत, हे सर्गेई विनोग्राडस्कीने 1890 च्या सुमारास दाखवलं. दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतात असं पुस्तकांत बरीच वर्षं छापलं जायचं. 1998 मध्ये होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथे नायट्रोस्पिरा निघाले. आणि 2015 मध्ये दोन्ही कामं एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा सापडले! आपण रोज बघतो त्या स्पंजमध्ये केवढं काय काय चाललेलं असतं.

ईशा : दुकानदार म्हणाला, आधी दोन-चार स्वस्तातले मासे सोडा, तेच टाकी तयार करतात.

मामा : करतात, पण तेवढे दिवस कल्ले भाजून घेत. मासा पाच रुपयांचा असला म्हणून त्याला कमी जळतं का? जिवाणूंना अमोनिया हवा, तो आपण बाटलीतून देऊ. रसायनांच्या दुकानात शुद्ध अमोनियम क्लोराइड मिळतं, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात भेसळ असू शकते. तुझ्या टाकीला 0.4 ग्रॅम टाकलास की अमोनिया साधारण 2 पीपीएम होतो. त्याआधी क्लोरीन घालवायला हवं, नाहीतर नळाचं पाणीच जिवाणूंना मारेल. दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, ते टाक.

ईशा : मग किती दिवस?

मामा : चार ते सहा आठवडे. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. माझ्या जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा तुझ्या फिल्टरमध्ये ठेवला तर बरेच दिवस वाचतील. विरजणासारखंच आहे ते. मात्र ज्या टाकीत मासे आजारी असतील तिथला घ्यायचा नाही.

ईशा : आणि झालं हे कळणार कसं?

मामा : किटने. परीक्षानळीत पाणी घे, थेंब टाक, पाच मिनिटं थांब. माझ्या किटमध्ये पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. पहिले काही दिवस गडद हिरवं येईल, मग हळूहळू फिकं होईल. तिथेच लोक फसतात. अमोनिया उतरला म्हणून मासे सोडतात, आणि नेमकं तेव्हा नायट्राइट चढलेलं असतं. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं. रक्त तपकिरी पडतं. एअर पंप चालू असतो, पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, तरी मासा वर येऊन धापा टाकतो. हा मधला टप्पा सगळ्यांत लांबतो. तेव्हा धीर सोडायचा नाही.

ईशा : आणि आकडा हललाच नाही तर?

मामा : आधी पीएच बघ. या प्रक्रियेत आम्ल तयार होतं. मुंबईचं नळाचं पाणी मऊ, त्यात आम्ल मारायला क्षार थोडे. पीएच 6 च्या आसपास उतरला की जिवाणू काम जवळजवळ थांबवतात. थोडं पाणी बदल, चिमूटभर खायचा सोडा घाल. पीएच फार चढवायचाही नाही. 25 अंशांना पीएच 7 असताना अमोनियाचा विषारी भाग शेकडा अर्धा, 8 ला शेकडा पाच. जिवाणूंना चालेल, पण पुढे माशांना हेच बाधतं.

ईशा : शेवटची खूण?

मामा : 2 पीपीएम अमोनिया दिलास आणि 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. मग साचलेलं नायट्रेट काढायला निम्म्याहून जास्त पाणी बदल, क्लोरीन घालवूनच. पहिल्या खेपेला चार-पाच गप्पीच आण. एकदम वीस आणलेस तर जिवाणू पुरे पडणार नाहीत. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधीच नाही.

ईशा : आणि टाकी बुधवारी तयार झाली, पण दुकानात जायला रविवार उजाडला तर?

मामा : मग रविवारपर्यंत जिवाणूंचं जेवण चालू ठेव. रोज थोडा नवसागर, आणि पाणी बदलायचं ते शनिवारी रात्री.